फंक्शनच्या आत गुण वाढवायला गेले की पायथन रुसतो! ग्लोबल व्हेरिएबलचं हे काय गौडबंगाल आहे?

नवशिकी

नमस्कार मंडळी. पायथन शिकायला घेऊन दीडेक महिना झालाय. सरावासाठी एक छोटी प्रश्नमंजुषा लिहितेय. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, बरोबर असेल तर गुण वाढवायचा, चुकलं तर तो प्रश्न एका यादीत टाकायचा. बास. कोड खाली देते. टॅबवर देवनागरी कळफलकच आहे, त्यामुळे डेफ, इफ, प्रिंट वगैरेही देवनागरीतच लिहिलंय. मनातल्या मनात इंग्रजी करून वाचा.

```
गुण = ०
चुकलेले = []

डेफ दाखव():
    प्रिंट(गुण)

डेफ तपास(प्रश्न, उत्तर, बरोबर):
    इफ उत्तर == बरोबर:
        गुण = गुण + १
    एल्स:
        चुकलेले.अपेंड(प्रश्न)
```

दाखव() बोलावलं की शून्य छापून येतं. मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं तर प्रश्न यादीत जातो. बरोबर उत्तर दिलं की मात्र अनबाउंडलोकलएरर! म्हणणं असं की गुण नावाच्या लोकल (म्हणजे त्या फंक्शनपुरत्या) व्हेरिएबलला अजून काही किंमतच दिलेली नाही. अरे, वर ढळढळीत शून्य लिहिलंय की!

तर माझं कोडं असं: गुण वाचता येतात, यादी बदलता येते, मग गुणच बदलायला काय झालं? आणि त्याला लोकल म्हटलं कोणी? मी तर नाही म्हटलं.

तिरकस_बाण

फंक्शनच्या पहिल्या ओळीत "ग्लोबल गुण" लिहा आणि निवांत झोपा.

उंटावरचा शहाणा

अजिबात लिहू नका. ही सवय एकदा लागली की सुटत नाही. गुण पॅरामीटर म्हणून आत द्या, वाढवलेले गुण रिटर्न करा. ग्लोबल हा शब्द भाषेत आहे एवढंच विसरून जा.

अर्धविराम

दोघांनीही प्रश्न न वाचताच उत्तरं दिली आहेत. ताईंनी "काय करू" असं विचारलेलं नाही, "का" असं विचारलंय.

नवशिकी, व्हेरिएबल म्हणजे डबा आणि त्यात किंमत ठेवायची, असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. पायथनपुरता तो डबा बाजूला ठेवा. इथे वस्तू वेगळी आणि नाव वेगळं. नाव म्हणजे वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. बरोबरच्या चिन्हाने वस्तू बदलत नाही, चिठ्ठी सोडवून दुसऱ्या वस्तूला बांधली जाते. गुण = गुण + १ म्हणजे शून्याचा एक झाला असं नाही. शून्य आहे तिथेच आहे, चिठ्ठी त्याच्यावरून निघून एकावर गेली.

आता फंक्शनचा नियम. फंक्शन चालायच्याही आधी, म्हणजे कोड कंपाईल होतानाच, पायथन त्याचा सगळा मजकूर नजरेखालून घालतो. त्यात कुठेही, अगदी कुठेही, एखाद्या नावाला काही बांधलेलं दिसलं की ते नाव त्या फंक्शनपुरतं लोकल ठरतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ती बांधणारी ओळ प्रत्यक्षात कधी चालली नाही तरीही.

तुमच्या तपासमध्ये "गुण =" आहे, म्हणून गुण लोकल. मग उजव्या बाजूचा "गुण + १" काढताना तो लोकल गुणच शोधणार, आणि त्याला तोवर काही बांधलेलं नाही. वरचा शून्य त्याला दिसत नाही असं नाही, तिकडे तो बघतच नाही. दाखवमध्ये गुणला काही बांधलेलं नाही, त्यामुळे तिथे नाव बाहेर शोधलं जातं आणि सापडतं.

पटत नसेल तर हे चालवून बघा:

```
डेफ बघू():
    प्रिंट(गुण)
    गुण = ५
```

एरर प्रिंटच्या ओळीवर येईल. दाखवमध्ये हीच ओळ निमूट चालली होती. खालची गुण = ५ काढून टाका, वरची लगेच चालेल. खालच्या ओळीमुळे वरची ओळ पडते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरायला होत नाही.

यादीचं म्हणाल तर अपेंडमध्ये चिठ्ठीला हातच लागत नाही. चुकलेले हे नाव आहे त्याच यादीवर आहे, आपण त्या यादीला फक्त सांगतो की हे पोटात घे. नाव फक्त वाचलं जातंय, आणि वाचायला परवानगी लागत नाही.

जुना_खोडरबर

अर्धविराम, चिठ्ठीचं उदाहरण आवडलं. वाचनखूण साठवली.

नवशिकी

अर्धविरामताई (की दादा?), खूप खूप धन्यवाद. बघू() चालवलं. एरर खरंच प्रिंटच्याच ओळीवर आली. हसू आलं.

पण लगेच पुढची अडचण. मला वाटलं, अपेंडऐवजी चुकलेले += [प्रश्न] लिहिलं तरी काम तेच. तर इथे पुन्हा तीच एरर! लिस्टवर += केलं की नवी लिस्ट तयार होत नाही, आहे तीच जागच्या जागी वाढते, असं वाचलं होतं. ते खोटं का?

घुबड

खोटं नाही. लिस्ट जागच्या जागीच वाढते. पण += चं काम तिथे संपत नाही. वाढवून झाल्यावर जे हातात येतं ते पुन्हा त्याच नावाला बांधलं जातं. ती तीच लिस्ट असते हा भाग वेगळा. बांधणं आलं म्हणजे कंपाईल होताना नाव लोकल ठरलं. लिस्ट वाढायची पाळी येण्याआधीच एरर येते, कारण लोकल चुकलेले सापडतच नाही.

ताई, तुमच्याच कोडावर हे करून बघा: तपास.\_\_कोड\_\_.को\_व्हारनेम्स छापा. त्या फंक्शनच्या लोकल नावांची यादी मिळेल. आधी तीन पॅरामीटर आणि त्यांच्या शेपटीला गुण. फंक्शन एकदाही चालवलेलं नसलं तरी. त्याला लोकल कोणी म्हटलं, याचं हे उत्तर.

अजून खोलात जायचं असेल तर फंक्शनची आतली पावलं दाखवणारं डिस नावाचं मॉड्यूल आहे, त्यातल्या डिस फंक्शनला आपलं फंक्शन द्यायचं. दाखवमध्ये गुणसमोर लोड\_ग्लोबल दिसेल. तपासमध्ये लोड\_फास्ट, म्हणजे लोकल वाचन, आणि ३.१२ पासून पुढची आवृत्ती असेल तर लोड\_फास्ट\_चेक. लोकल नावांना फंक्शनच्या फ्रेममध्ये क्रमांकाच्या ठरलेल्या जागा दिलेल्या असतात, नावाने शोधाशोध नाही. ग्लोबल नावं डिक्शनरीत असतात. म्हणूनच कुठलं नाव कुठल्या गटातलं हा निकाल आधीच लावावा लागतो, चालता चालता मत बदलता येत नाही.

आणि एक. "बांधणं" म्हणजे फक्त बरोबरचं चिन्ह नव्हे. फॉरच्या पुढचं नाव, विथच्या ॲजमागचं नाव, आतलं डेफ, आतला क्लास, डेल, एक्सेप्टच्या ॲजमागचं नाव (हे तर तो ब्लॉक संपला की पुसूनही टाकलं जातं), आणि इम्पोर्ट. सगळी बांधणीच.

इम्पोर्टवरून एक किस्सा. एका जुन्या फाईलमध्ये सगळ्यात वर इम्पोर्ट ओएस होतं, नियमाप्रमाणे. कुणीतरी एका दीडशे ओळींच्या फंक्शनच्या तळाशी, क्वचित चालणाऱ्या एका इफच्या पोटात, पुन्हा इम्पोर्ट ओएस लिहिलं. निरुपद्रवी ओळ. त्या दिवसापासून फंक्शनची दुसरीच ओळ कोसळायला लागली, कारण तिथे ओएस.पाथ वापरलेलं. मी दोन तास दुसऱ्या ओळीकडे बघत बसलो होतो. तिच्यात काही चूक नव्हतीच.

तिरकस_बाण

अवांतर: ताईंनी नावं देवनागरीत लिहिलीत ती फक्त धाग्यासाठी की पायथनला खरंच चालतात?

घुबड

अवांतराला अवांतर उत्तर. नावं चालतात. पेप ३१३१ ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) ती सोय केली आणि ती ३.० पासून, म्हणजे २००८ पासून आहे. गुण, चुकलेले, तपास ही सगळी वैध नावं आहेत. डेफ, इफ, ग्लोबल हे मात्र रोमनच हवेत. कोडात थेट ५ असा देवनागरी आकडा लिहिला तर सिंटॅक्सएरर, पण इंट("१२") लिहिलं तर बारा मिळतात.

मराठीतला खास खड्डा म्हणजे "दुसऱ्या"मधला अर्धा र. काही कळफलक तो नुक्त्याच्या ऱ ने टाकतात, काही न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे. पहिला पायथन घेतो, दुसऱ्यावर "न दिसणारं अक्षर आलंय" म्हणून अडतो.

जुना_खोडरबर

मी सी मधून आलेला माणूस, त्यामुळे हा नियम आधी फार डोक्यात गेला होता. सी मध्ये फंक्शनात नाव लिहिलं की लिहिलं. स्वतः नवं घोषित केलं नसेल तर ते बाहेरचंच, वाचा नाहीतर बदला. पुढे दुसऱ्या भाषा बघितल्या तेव्हा पायथनचं म्हणणं कळलं.

मेख अशी की पायथनमध्ये व्हेरिएबल घोषित करायची पद्धतच नाही. मग फंक्शनात "आय = ०" दिसलं तर हा नवा आय की बाहेरचा? दोनपैकी एक धरून चालावं लागतं. ल्युआ बाहेरचा धरते. जावास्क्रिप्टही तेच करते, घोषणा विसरलात तर मुकाट्याने ग्लोबल तयार (स्ट्रिक्ट मोडमध्ये आता ओरडते). त्यामुळे एका फंक्शनातला फडतूस आय दुसऱ्याच्या आयला चिरडून जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. पायथनने उलट धरलं: बांधलंत म्हणजे तुमचं, घरातलं. दुसऱ्याच्या घरातलं हलवायचं असेल तर तोंड उघडून सांगा. पीएचपी तर आणखी सोवळी, तिथे बाहेरचं नुसतं वाचायलाही ग्लोबल लिहावं लागतं.

चुकीची दिशा निवडायचीच असेल तर एरर येणारी निवडावी. त्या हिशेबाने मला हा नियम आता पटतो.

उंटावरचा शहाणा

खोडरबरकाका, सहमत. पण मग सगळे त्या एररवर ग्लोबलचं ठिगळ लावून मोकळे होतात, त्याचं काय? पायथन तोंड उघडून सांगा म्हणतो, आणि आपण ते दहा फंक्शनांत दहा वेळा सांगतो.

माझा राग कुठून आला ते सांगतो. आमच्याकडे रोज रात्री चालणारी एक स्क्रिप्ट होती. अहवालाच्या ओळी गोळा करायची यादी फाईलच्या अगदी वर, ग्लोबल. स्क्रिप्ट रोज नव्याने सुरू व्हायची, रोज रिकामी यादी मिळायची, कित्येक वर्षं सगळं सुरळीत. मग कुणीतरी ती फाईल सतत चालू राहणाऱ्या एका सर्व्हिसमध्ये इम्पोर्ट केली आणि रात्री नुसतं फंक्शन बोलवायला लागला. पहिल्या रात्री अहवाल बरोबर. दुसऱ्या रात्री कालच्या ओळी अधिक आजच्या. तिसऱ्या रात्री तिन्ही दिवसांच्या. फंक्शनच्या एका ओळीलाही कुणी हात लावलेला नव्हता!

फंक्शनची पहिली ओळ वाचून ते काय घेतं आणि काय देतं हे कळलं पाहिजे. ताई, तुमचं तपास असं हवं:

```
डेफ तपास(उत्तर, बरोबर, गुण):
    इफ उत्तर == बरोबर:
        रिटर्न गुण + १
    रिटर्न गुण

गुण = तपास(उत्तर, बरोबर, गुण)
```

इथला आतला गुण लोकलच आहे, पण पॅरामीटर असल्यामुळे त्याला आत शिरतानाच किंमत मिळालेली असते. रुसवा नाही, फुगवा नाही.

घुबड

शहाणेबुवा, तुमच्याच किश्श्यात एक गंमत आहे. त्या स्क्रिप्टमध्ये ग्लोबल हा शब्द होता का?

उंटावरचा शहाणा

नव्हता. अपेंड होतं.

घुबड

तेच म्हणतोय. पायलिंट (कोड तपासून खोड्या काढणारं साधन) ग्लोबल शब्द दिसला की लगेच कुरकुरतो. तुमच्या यादीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नसतं. ग्लोबल हा शब्द निदान पाटी लावून उभा असतो, शोधला की सापडतो. अपेंड, डिक्शनरीत किल्लीने किंमत टाकणं, सेटमध्ये ॲड करणं, हे सगळं विनापरवाना बाहेरचं बदलतं आणि वाचणाऱ्याला थांग लागत नाही. शब्दावर बंदी घालून फारसं काही हाती लागत नाही. अनेकांच्या हाताखालची एकच वस्तू आयुष्यभर टिकून राहते, आणि त्रास तिथून येतो.

आणि उलट बाजूही आहे. नुसत्या वाचायच्या ग्लोबलने काय घोडं मारलंय? स्थिरांक, लॉगर, एकदाच तयार करून ठेवलेले रेजेक्स (मजकूर शोधायचे साचे), हे मॉड्यूलच्या माथ्यावरच शोभतात. खुद्द पायथनचं यादृच्छिक आकडे देणारं रँडम मॉड्यूल घ्या. आत एकच लपलेला ऑब्जेक्ट आहे आणि रँडम.रँडम, रँडम.सीड ही त्याचीच फंक्शनं. कुठूनही सीड केलं (आकड्यांचं बीज ठरवलं) की सगळ्यांचे आकडे बदलतात. ज्याला स्वतःचा वेगळा हवा त्याने रँडम.रँडम हा क्लास वापरून आपला ऑब्जेक्ट करावा (मोठा आर आणि लहान आर, देवनागरीत फरक दिसत नाही, क्षमस्व).

जाता जाता, स्थिरांकांची नावं मोठ्या लिपीत लिहायचा पेप ८ चा संकेत देवनागरी नावांना लावताच येत नाही. आपल्याकडे मोठी लिपीच नाही.

तिरकस_बाण

मी माझ्या "ग्लोबल गुण लिहा आणि झोपा"वर ठाम आहे. साठ ओळींची प्रश्नमंजुषा आहे हो, उपग्रह नाही सोडायचाय. हलके घ्या.

अर्धविराम

साठ ओळींसाठी बाणाचं म्हणणं मलाही मान्य आहे. का ते कळल्यावर लिहिलेलं ग्लोबल आणि एरर घालवायला लिहिलेलं ग्लोबल, दिसायला एकच असलं तरी दुसरं लिहिणारा पुढच्या वळणावर पुन्हा अडतो.

नवशिकी

अडलेच! मी आज्ञाधारकपणे आधी बाणदादांचं ऐकलं. पहिल्याच फटक्यात ग्लोबल गुण ही ओळ चुकून इफच्या खाली, गुण वापरून झाल्यावर लिहिली. सिंटॅक्सएरर. ती वर नेली, मग चाललं. मग प्रत्येक फंक्शनात लिहायचा कंटाळा आला म्हणून फाईलच्या डोक्यावर एकदाच ग्लोबल गुण लिहिलं. त्या ओळीवर एरर नाही, पण उपयोगही शून्य.

ते असू दे. फाईल मोठी झाली म्हणून तिचे तुकडे केले. स्थिती.पाय मध्ये फक्त गुण = ० आणि चुकलेले = []. खेळ.पाय मध्ये तपास, आणि निकाल.पाय मध्ये दाखव. दोन्हींच्या वर लिहिलंय:

```
फ्रॉम स्थिती इम्पोर्ट गुण, चुकलेले
```

तपासमध्ये ग्लोबल गुण आहे. तीन उत्तरं बरोबर दिली. खेळ.पाय मध्ये गुण छापले तर ३. निकाल.पाय चं दाखव म्हणतंय ०. आणि चुकलेले मात्र दोन्हीकडे अगदी बरोबर दिसतंय! ग्लोबल म्हणजे सगळीकडे एकच ना?

अर्धविराम

नाही, आणि ह्या बाबतीत नावच फसवं आहे. पायथनमध्ये ग्लोबल म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमभर नव्हे, त्या एका मॉड्यूलभर. प्रत्येक फाईलची ग्लोबल नावांची स्वतःची वही असते. फंक्शन कुठूनही बोलवा, ते आपल्या जन्मगावची, म्हणजे ज्या फाईलमध्ये लिहिलंय तिथलीच वही उघडतं.

फ्रॉम स्थिती इम्पोर्ट गुण ह्या ओळीने काय झालं? स्थितीमधला गुण ज्या वस्तूला बांधलेला होता, त्याच वस्तूला खेळ.पाय च्या वहीत एक नवी चिठ्ठी बांधली गेली. निकाल.पाय मध्ये आणखी एक. शून्य एकच, चिठ्ठ्या तीन. तपासने ग्लोबल गुण म्हणून खेळ.पाय ची चिठ्ठी सोडवली आणि तिनावर नेली. बाकीच्या दोन शून्यावरच आहेत, त्यांना कुणी कळवलेलं नाही. चुकलेलेच्याही चिठ्ठ्या तीनच, पण त्या कुणी हलवल्या नाहीत. यादीच वाढली, म्हणून तिघांना वाढलेली दिसते.

उपाय छोटा आहे. नाव आणू नका, मॉड्यूल आणा:

```
इम्पोर्ट स्थिती

डेफ तपास(प्रश्न, उत्तर, बरोबर):
    इफ उत्तर == बरोबर:
        स्थिती.गुण += १
```

इथे ग्लोबल लिहावं लागत नाही. टिंबानंतरच्या नावाला बांधणं हे फंक्शनच्या नावांत मोडत नाही. स्थिती हे नाव आपण फक्त वाचतो, आणि त्याच्या वहीत लिहितो.

फक्त एक सांभाळा. जी फाईल तुम्ही थेट चालवता तिचं नाव चालताना \_\_मेन\_\_ असतं. तिलाच दुसऱ्या फाईलने तिच्या मूळ नावाने इम्पोर्ट केलं, तर पायथन तिला वेगळं मॉड्यूल समजून पुन्हा एकदा चालवतो. मग त्याच फाईलच्या दोन वह्या. स्थिती वेगळ्या फाईलमध्ये ठेवलीत हे बरं केलंत.

घुबड

ताईंच्या आधीच्या दोन चुकांवर चटकन: वापरल्यानंतर ग्लोबल लिहिणं ३.६ पासून सिंटॅक्सएरर आहे, त्याआधी नुसता इशारा यायचा. फाईलच्या डोक्यावर ग्लोबल लिहिणं वैध आहे पण निरर्थक, तिथे सगळं ग्लोबलच असतं. तिसरी चूक अजून तुमच्याकडून व्हायची आहे: पॅरामीटरचं नाव गुण आणि आत ग्लोबल गुण. तीही सिंटॅक्सएरर.

जुना_खोडरबर

फंक्शनाच्या आत फंक्शन असेल आणि बाहेरच्या फंक्शनचं लोकल बदलायचं असेल तर ग्लोबल कामाचं नाही ना?

घुबड

नाही. त्याला नॉनलोकल. पेप ३१०४, तेही ३.० मध्ये आलं. फंक्शनात फंक्शन असताना बाहेरचं नाव वाचायची सोय २.२ पासून सर्रास होती (२.१ मध्ये मागून घ्यावी लागे), पण बदलायची नव्हती. तेव्हा लोक एका खणाची लिस्ट करायचे आणि मोज[०] += १ लिहायचे. चिठ्ठी हलवायची मनाई, म्हणून वस्तूच्या पोटात बदल! जुन्या कोडात अजून दिसतं ते. नॉनलोकल मॉड्यूलच्या वहीपर्यंत मात्र पोचत नाही, मधल्या फंक्शनांपुरतंच.

थ्रेडचं (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांचं) कुणी विचारलं नाही, पण सांगून ठेवतो. स्थिती.गुण += १ म्हणजे वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. तीन पावलं. दोन थ्रेडनी एकाच वेळी सात वाचले तर दोघंही आठ लिहितील आणि एक गुण हवेत जाईल. गिल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते पावलांच्या मध्ये हात बदलू शकतं. थ्रेडिंगमधलं लॉक लावा. आणि मल्टिप्रोसेसिंग असेल तर गोष्टच वेगळी, प्रत्येक प्रोसेसकडे आपापली वही. मुलाने कितीही वाढवलं तरी आईबापांच्या वहीत शून्यच.

तिरकस_बाण

साठ ओळींची प्रश्नमंजुषा, घुबडराव. साठ.

नवशिकी

आता दोनशे दहा झाल्यात. 😀

इम्पोर्ट स्थिती करून सगळं सुरळीत झालं. पण मग दोन खेळाडू आळीपाळीने खेळतील असं करायचं मनात आलं, आणि गुण१, गुण२ असं लिहायला लागले तेव्हा माझं मलाच कसंतरी झालं. म्हणून क्लास केला.

```
क्लास खेळाडू:
    गुण = ०
    चुकलेले = []

    डेफ तपास(सेल्फ, प्रश्न, उत्तर, बरोबर):
        इफ उत्तर == बरोबर:
            सेल्फ.गुण += १
        एल्स:
            सेल्फ.चुकलेले.अपेंड(प्रश्न)
```

दोन खेळाडू तयार केले. गुण दोघांचे वेगवेगळे, अगदी बरोबर. पण एकाचं उत्तर चुकलं की प्रश्न दुसऱ्याच्याही यादीत!

इथे विचारायला अर्धा प्रतिसाद लिहिला होता. लिहिता लिहिता थांबले. गुण बदलतात आणि यादी मिसळते, हे तर मी ह्या धाग्यावर दोनदा पाहिलेलं. क्लासमध्ये लिहिलेली यादी एकच आहे, दोघं खेळाडू तिच्याच पोटात टाकतायत. सेल्फ.गुण += १ मध्ये वाचताना क्लासचा शून्य वाचला जातो, आणि लिहिताना मात्र त्या खेळाडूची स्वतःची चिठ्ठी तयार होते. बरोबर ना?

अर्धविराम

तंतोतंत. आणि आता उपाय तुम्हीच सांगा.

नवशिकी

\_\_इनिट\_\_ (खेळाडू तयार होताना चालणारं फंक्शन) लिहून सेल्फ.गुण = ० आणि सेल्फ.चुकलेले = [] दोन्ही त्यात नेलं. दोन खेळाडू, दोन याद्या. स्थिती.पाय काढून टाकली, तिचं काही काम उरलं नाही. आता प्रश्नांच्या पातळ्या जोडतेय. तिथे अडले तर नवा धागा काढीन, हा फार लांबला.

उंटावरचा शहाणा

+१. स्थिती.पाय काढलीत ते विशेष आवडलं.

तिरकस_बाण

मी झोपतो.